खाल्लेले सव्वीस, मारलेला एक

गल्लीत तिला सगळे सव्वीस म्हणत. लहान मुलं सव्वीसकाकू म्हणत, बरोबरीच्या बायका नुसतंच सव्वीस. कोपऱ्यावरचा केस कापणारा तर ती दुरून दिसली तरी ओरडे, "काय सव्वीस, आज किती अडवले?" नव्यानं राहायला आलेल्यांना तो घराचा नंबर वाटे. घराचा नंबर नऊ होता.

ती आता साठीला आली होती. नवरा-बायको मिळून फोटो फ्रेम करायचं दुकान चालवत. नवरा लाकडाच्या पट्ट्या कापून चौकटी जोडी, ती काच कापी. दुकान म्हणजे एक लांबट खोली. पुढे गिऱ्हाइकांसाठी टेबल, मागे कामाचं मोठं टेबल, त्यावर काच घसरू नये म्हणून जाड लोकरी कापड अंथरलेलं. ती काचेवर पट्टी दाबून धरी, हिऱ्याचं कटर एकदाच फिरवी, खालून टिचकी मारी आणि काच सरळ दोन भागांत सुटे. दुसऱ्यांदा कटर फिरवायची वेळ तिच्यावर वर्षाकाठी दोन-तीनदाच येई. डाव्या हाताची करंगळीशेजारची वाकडी अनामिका तेवढी पट्टीवर टेकत नसे, बाहेर तिरपी राही.

ते बोट आणि ते नाव, दोन्ही एकाच आठवड्यातली कमाई होती. त्या गोष्टीला चव्वेचाळीस वर्षं झाली होती.

त्या वेळी ती सोळा वर्षांची, शाळेत सगळ्यांत उंच. मुलींचा फुटबॉल नुकताच कुठे सुरू झालेला. पुरुषांचा महासंघ मुलींना दारात उभं करत नव्हता, म्हणून काही हौशी बायकांनी आपली वेगळी संघटना काढली होती. शेजारच्या देशात सतरा वर्षांखालच्या मुलींची स्पर्धा भरणार, असं पत्र त्या संघटनेकडे आलं आणि सहा आठवड्यांत संघ उभा राहिला. तीन शाळांमधल्या सोळा मुली. ज्या मास्तरांनी निवड केली त्यांनी तिला खालून वर पाहिलं आणि विचारलं, "चेंडूला घाबरतेस?"

"नाही."

"मग गोलमध्ये उभी राहा."

एवढंच शिक्षण. हातमोजे पुरुषांचे होते, बोटांच्या टोकांना कापूस भरून ते बसवले. मुली दोन दिवस रेल्वेनं गेल्या आणि तिसऱ्या दिवशी मैदानात उतरल्या. समोरच्या मुली सात-सात वर्षं खेळत आलेल्या, चेंडू पायाला बांधल्यासारखा पळवणाऱ्या. पहिल्या सामन्यात नऊ गोल झाले. दुसऱ्यात अकरा. त्यातल्या सहाव्या गोलाच्या वेळी तिच्या डाव्या हाताचं बोट मागे दुमडलं आणि कटकन आवाज झाला. दुसरी गोलकीपर संघात नव्हतीच. राखीव बाकावरची सगळ्यांत लहान मुलगी, चौदा वर्षांची, पाण्याची बाटली घेऊन धावत आली आणि तिनं ते बोट शेजारच्या बोटाला चिकटपट्टीनं बांधून दिलं. तिसऱ्या सामन्यात सहा. नऊ, अकरा, सहा.

तिसऱ्या सामन्यात मात्र आणखी एक गोष्ट घडली. अकरा नंबरच्या मुलीनं, जिला सगळ्या डावरी म्हणत कारण तिचा उजवा पाय फक्त उभं राहण्यापुरता होता, डाव्या कडेनं पळत जाऊन चेंडू मारला. तो खांबाला लागला, परत येताना समोरच्या, खाली पडलेल्या गोलकीपरच्या पाठीला लागला आणि आत गेला. पंधराच्या पंधरा जणी एकमेकींच्या अंगावर पडल्या. त्यांची गोलकीपर तेवढी मैदानाच्या दुसऱ्या टोकाला एकटीच उड्या मारत होती, कारण तिला तिथून हलायची परवानगी नव्हती.

घरी परतल्यावर वर्तमानपत्रात तीन ओळी आल्या. त्यात मारलेला गोल नव्हता, खाल्लेले होते. शाळेच्या सकाळच्या रांगेत त्या ओळी मोठ्यानं वाचून दाखवल्या गेल्या आणि दुपारच्या सुट्टीत तिचं बारसं झालं. पुढे शाळा सुटली, फुटबॉल सुटला, नाव काही सुटलं नाही. लग्नासाठी बघायला आलेल्या दोन ठिकाणच्या मंडळींनाही ते आधीच कुणीतरी सांगून ठेवलं होतं. तिसऱ्या ठिकाणच्या मुलानं फक्त विचारलं, "आमचा काचेचा धंदा आहे. काचेची भीती वाटते का?"

"चेंडूची वाटली नाही, काचेची काय वाटणार," ती म्हणाली. तोच तिचा नवरा.

नावाचं तिनं कधी वाईट वाटून घेतलं नाही, निदान तसं कुणाला दिसू दिलं नाही. हाक मारली की ओ द्यायची, एवढाच तिचा त्याच्याशी संबंध. मुलगी मोठी होऊन रुग्णालयात नर्स झाली, तिच्या मैत्रिणीसुद्धा "तुझी आई सव्वीस ना?" असं विचारत. मुलगी चिडे. आई म्हणे, "खोटं आहे का? मग झालं तर."

त्या वर्षी महासंघाचं कार्यालय नव्या इमारतीत जायचं होतं. मधल्या मोठ्या मार्गिकेत लावायला बावीस फोटो फ्रेम करायचे होते, ते काम या दुकानाला मिळालं. फोटोंबरोबर छापील मजकुराच्या पट्ट्याही आल्या, प्रत्येक फोटोखाली एक बसवायची. नवऱ्यानं चौकटी जोडल्या, तिनं काचा कापायला घेतल्या. चौदाव्या फोटोवर ती थांबली.

फोटोत सतरा वर्षांखालच्या मुलींचा संघ उभा होता. खाली पट्टी होती: राष्ट्रीय युवती संघ, पहिली आंतरराष्ट्रीय स्पर्धा. वर्ष मात्र तिच्या स्पर्धेनंतर दोन वर्षांचं. शेजारच्या फोटोत एक मुलगी चेंडू काखेत धरून हसत होती, आणि पट्टीवर लिहिलं होतं की राष्ट्रीय युवती संघाचा पहिला गोल हिनं केला. ती मुलगी म्हणजे बोट बांधून देणारी तीच चौदा वर्षांची पोर, दोन वर्षांनी मोठी झालेली आणि कप्तान झालेली.

तिनं दोन्ही फोटोंच्या काचा कापल्या, पुसल्या, बसवल्या, मागचा पुठ्ठा खिळ्यांनी पक्का केला. मग नवऱ्याला म्हणाली, "अहो, माल पोचवायला मीपण येते."

"बावीस फ्रेमा उचलायला दोघं लागतातच," नवरा म्हणाला. तिच्या मनात काय आहे ते त्यानं विचारलं नाही, पण वाटेत दोनदा तिच्याकडे पाहिलं.

महासंघात नोंदींचं काम एक कारकून बघत. पन्नाशीचे, गळ्यात दोरीनं चष्मा अडकवलेले, बोलताना मधेच खोकणारे. सगळ्या संघांचे सगळे सामने त्यांच्या हाताखालून गेलेले. तिनं विचारलं तसं त्यांनी युवती संघाचं पान काढून समोर ठेवलं. सामने सत्तेचाळीस. जिंकले आठ, बरोबरी नऊ, हरले तीस. गोल केले बावन्न, झाले एकशे एकोणीस.

"यात आमचे तीन सामने नाहीत," ती म्हणाली.

"आमचे म्हणजे?"

तिनं सांगितलं. कारकुनांनी शांतपणे ऐकून घेतलं, मग खोकले.

"बाई, तेव्हा मुलींचा कारभार महासंघाकडे नव्हता. ती संघटना नंतर आमच्यात आली. आली तेव्हा त्यांचं कपाटही आलं, पण त्यात चहाचे कप होते, कागद नव्हते. जिथे आमचे कागद सुरू होतात तिथे नोंद सुरू होते."

"पण आम्ही खेळलो होतो."

"असालही. मी कुठे नाही म्हणतोय?" त्यांनी चष्मा काढला. "किती गोलांनी हरलात?"

"नऊ, अकरा आणि सहा."

"मग खरं सांगू? नोंद नाही हे तुमच्या भल्याचंच आहे. हरलेले सामने मागून घ्यायला आजवर कुणी या टेबलापाशी आलेलं नाही."

"एक गोल आम्हीपण मारला होता."

"कागद आणा," कारकून म्हणाले. "कागद आला की मी लिहितो. माझं काही जात नाही त्यात."

जेवताना नवरा म्हणाला, "म्हणजे सरकारदरबारी तू एकही गोल खाल्लेला नाहीस. कोपऱ्यावरच्याला सांगून येऊ?"

तिला हसू आलं, पण ते टिकलं नाही. जन्मभर ज्या सव्वीस गोलांनी तिची पाठ सोडली नव्हती, ते कुठल्याच वहीत नव्हते. नुसतं गप्प बसलं असतं तरी ती सुटत होती. पण ते सव्वीस गेले की त्यांच्याबरोबर तो एकही जात होता, आणि तो तिचा नव्हता, दुसरीचा होता.

डावरी शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायची आणि मोटार चालवायला शिकवायची. वर्षातून एक-दोनदा दोघींची गाठ पडे. सव्वीस गेली तेव्हा डावरीचा एक विद्यार्थी नुकताच उतरून गेला होता, म्हणून दोघी शिकाऊ गाडीतच बसल्या. शिकवणारीच्या बाजूलाही ब्रेक आणि क्लच असलेली गाडी.

"डावा पाय आता एवढ्यालाच," डावरी क्लचवर पाय आपटत म्हणाली. "बोल, काय काढलंस?"

सव्वीसनं सगळं सांगितलं. पट्टीवर काय छापलंय ते शब्दाला शब्द सांगितलं. डावरीला त्याचं आश्चर्य वाटलं नाही.

"मला माहितीये गं. वीस वर्षं झाली. माझा मोठा मुलगा शाळेत असताना त्यानं वर्गात सांगितलं, देशाचा पहिला गोल माझ्या आईनं मारला. बाईंनी महासंघाचं पुस्तक आणून उघडून दाखवलं. पोरगं घरी आलं, दप्तर ठेवलं आणि खेळायला गेलं. तेव्हापासून मी तो विषय बंद केला."

"त्याला वाटलं तू खोटं बोललीस?"

"त्याला वाटलं आयांना असं काहीबाही बोलायची सवय असते."

"मग आता कागद मागवू या. ज्यांनी स्पर्धा भरवली त्यांच्याकडे असणार."

डावरी म्हणाली, "नको."

"का?"

"अगं, तो पाठीला लागून आत गेला. तुला माहितीये. पंचानं कुणाच्या नावावर लिहिला, तो माझा म्हणून लिहिला की त्या गोलकीपरचा स्वयंगोल म्हणून, ते मला आजपर्यंत ठाऊक नाही. मी विचारायला गेले नाही. आत्ता निदान माझ्या डोक्यात तो माझा आहे. कागदात दुसरंच काही निघालं तर तेवढंही जाईल. आणि तुझ्या डोक्यावर सव्वीस पक्के होतील ते वेगळंच. दोघींचंही नुकसान."

गोल झाला तेव्हा सव्वीस मैदानाच्या दुसऱ्या टोकाला होती. तिला दिसल्या होत्या त्या फक्त वर गेलेल्या हातांच्या मुठी.

ती घरी गेली आणि आठ दिवस तिनं विषय काढला नाही. नवव्या दिवशी डावरीचाच फोन आला. "मागव," एवढंच म्हणून तिनं ठेवून दिला. मधल्या आठ दिवसांत काय झालं ते तिनं कधी सांगितलं नाही.

पत्र मुलीनं लिहिलं. नर्सची पाळी संपवून ती आईकडे आली, शेजारच्या देशाच्या महासंघाचा पत्ता शोधून काढला आणि आई सांगत गेली तसं टंकत गेली. आई पुनःपुन्हा म्हणे, "नम्रपणे लिही." मुलगी म्हणे, "आई, यापेक्षा नम्र लिहिलं तर त्यांना वाटेल आपण माफी मागतोय."

एकोणीस दिवसांनी उत्तर आलं. त्यांनी तिन्ही सामन्यांचे पंचांचे कागद छायाचित्र काढून पाठवले होते. मुलीनं ते रुग्णालयातच छापून घेतले आणि संध्याकाळी दुकानात आणून दिले. सव्वीसनं हात पुसले, चष्मा लावला. पहिल्या दोन कागदांवर एका बाजूला नुसते आकडे, दुसऱ्या बाजूला कोरी जागा. तिसऱ्या कागदावर तिच्या बाजूलाही एक ओळ होती. एकसष्टावं मिनिट, क्रमांक अकरा. स्वयंगोल हा शब्द कुठेही नव्हता.

तिनं तिथूनच डावरीला फोन लावला. "तुझाच आहे. एकसष्टावं मिनिट, क्रमांक अकरा."

डावरी म्हणाली, "एकसष्टावं? मला वाटत होतं सामना संपत आला होता." आणि मग, "बरं. माझ्या गाडीत पोरगी बसलीये, चढावर आहोत, ठेवते."

दुसऱ्या दिवशी कागद घेऊन ती कारकुनांपुढे उभी राहिली. त्यांनी तिन्ही कागद उजेडाकडे धरून पाहिले, शिक्के पाहिले, आणि म्हणाले, "चांगलं काम केलंत. सामने लिहितो." मग पुढे बोट ठेवून थांबले. "पण इथे क्रमांक आहेत, नावं नाहीत. अकरा म्हणजे कोण?"

"मी सांगतेय ना."

"तुम्ही कोण?"

"मी एक नंबर."

"ते तुम्ही म्हणता. आमच्या कागदांत तुम्हीही नाही आणि त्या अकराही नाहीत. त्या दौऱ्यावर गेलेली एखादी व्यक्ती, जिची आमच्याकडे आधीपासून नोंद आहे, तिनं लिहून सही द्यावी. असं कुणी आहे?"

असं एकच माणूस होतं. कार्यालयाच्या नव्या भिंतीवर, चेंडू काखेत धरून हसणारं. निवड करणारे मास्तर जाऊन बारा वर्षं झाली होती, आणि बाकीच्या मुलींपैकी कुणीही दोन वर्षांनंतरच्या संघात टिकली नव्हती.

कप्तान आता एका मुलींच्या शाळेची मुख्याध्यापिका होती. तिची खोली नीटनेटकी, टेबलावर काच, काचेखाली वेळापत्रक. भिंतीवर महासंघानं दिलेली पितळी पाटी: पहिल्या गोलाचा मान. सव्वीस आत आली तशी ती उठून उभी राहिली. ओळखायला तिला क्षणही लागला नाही.

"बोट कसं आहे?" तिनं विचारलं.

सव्वीसनं हात पुढे केला. कप्तान म्हणाली, "मी नीट बांधलं नव्हतं."

"तू चौदा वर्षांची होतीस. तुला बांधता आलं हेच खूप."

मग सव्वीसनं कागद टेबलावर ठेवले. कप्ताननं ते वाचले. तिसरा तिनं दोनदा वाचला. ती काही लपवाछपवी करील, निदान आठवत नाही असं तरी म्हणेल, अशी सव्वीसची तयारी होती. तसं काही झालं नाही.

"मी त्या दिवशी बाकावर होते," कप्तान म्हणाली. "सगळ्यांत आधी उठून मीच धावले होते डावरीकडे." "मी पहिला गोल मारला असं मी कधीच म्हटलं नाही. त्यांनी पहिल्यांदा बोलावलं तेव्हा मी वीस वर्षांची होते. हातात माईक दिला, पाटी दिली, टाळ्या झाल्या. मला वाटलं, खाली उतरल्यावर सांगू. खाली उतरल्यावर जेवण होतं. पुढच्या वर्षी परत बोलावलं. एकदा गप्प बसलं की दुसऱ्यांदा तोंड उघडायला पहिल्यापेक्षा जास्त जोर लागतो. मग दरवर्षी तो वाढतच जातो."

"मी तुला जाब विचारायला आले नाही."

"माहितीये. म्हणूनच बोलतेय." तिनं कागद सरळ केले, कडा जुळवल्या. "मी पाच महिन्यांनी निवृत्त होतेय. शाळेतल्या सगळ्या मुलींना ती पाटी माहितीये. मला तेवढे पाच महिने देशील? नंतर मी स्वतः जाऊन लिहून देईन."

सव्वीस म्हणाली, "दिले."

रस्त्यावर आल्यावर तिला स्वतःचाच राग आला. चव्वेचाळीस वर्षं डावरीची गेली होती, तिची नव्हे. मग ते पाच महिने देणारी ती कोण? डावरीला सांगितलं तेव्हा डावरी फोनवर चांगलीच तडकली. "तू दानशूर झालीस ती माझ्या जिवावर?" असं म्हणाली आणि पंधरा दिवस बोलली नाही. नवऱ्याजवळ तिनं मन मोकळं केलं तेव्हा तो रंधा मारता मारता म्हणाला, "हो म्हणून आलीस ना? मग आता एकतर मोड, नाहीतर पाळ. कुढत बसलीस तर काचा बिघडतील." त्या महिन्यात चार काचा बिघडल्या.

पाच महिने झाले. कप्तान निवृत्त झाल्याचं वर्तमानपत्रात आलं, सत्काराचा फोटोही आला. एक दिवस गेला, चार गेले, आठवडा गेला. डावरीनं फोन करून विचारलं, "काय म्हणते तुझी कप्तान?" "अजून काही नाही," सव्वीस म्हणाली. नवव्या दिवशी कारकुनांचा फोन दुकानात आला. बाई येऊन गेल्या, म्हणाले. दोन पानं लिहून दिली. सोळाच्या सोळा जणींची नावं, कुणाचा कुठला नंबर, कोण कुठे खेळली. एकीचं नाव आठवेना म्हणून घरी जाऊन परत आल्या. पितळी पाटी टेबलावर ठेवली आणि म्हणाल्या, ही बदलून जिची आहे तिला द्या.

"आणि?" सव्वीसनं विचारलं.

"आणि काय? लिहिलं."

नवं पान असं झालं: सामने पन्नास. जिंकले आठ, बरोबरी नऊ, हरले तेहतीस. गोल केले त्रेपन्न, झाले एकशे पंचेचाळीस. पहिली गोलकीपर म्हणून सव्वीसचं खरं नाव, जे गल्लीत कुणाला धड ठाऊक नव्हतं, यादीत सगळ्यांत वर लागलं. पहिला गोल, एकसष्टावं मिनिट, डावरी.

एका वर्तमानपत्रानं आकडेच तेवढे पाहिले आणि बातमी दिली की युवती संघाची कामगिरी आणखी खालावली. संघाच्या सध्याच्या प्रशिक्षकानं कारकुनांना फोन करून विचारलं, की गेल्या महिन्यात आम्ही एकही सामना खेळलो नाही, मग हरलो कुठे? कारकुनांनी हा किस्सा सव्वीसला फोनवर सांगितला आणि इतके हसले की खोकल्यानं फोन ठेवावा लागला.

डावरीचा मोठा मुलगा परगावी नोकरीला होता. त्यानं आईला फोन केला. काय बोलला ते डावरीनं सांगितलं नाही. "अर्धा तास बोलला," एवढंच म्हणाली. एरवी तो चार मिनिटांच्या वर टिकत नसे.

वसंतात युवती संघाचा घरच्या मैदानावर सामना होता. महासंघानं डावरीला सुरुवातीचा चेंडू मारायला बोलावलं. डावरीनं अट घातली की दोघींना सोबत घेऊन येईन. कप्तान यायला तयार नव्हती. सव्वीस तिच्या घरी जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "मी पाच महिने दिले होते, तू एक दुपार दे." मग ती आली, थर्मासमध्ये कॉफी घेऊन, आणि डावरीच्या शेजारी न बसता सव्वीसच्या पलीकडे बसली. डावरीनं वाकून तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "अगं, इकडे दे ती कॉफी, का तीपण निवृत्तीनंतरच मिळणार?" कप्ताननं पेला पुढे केला. तेवढ्यावर त्या दोघींचं मिटलं. नीट मिटलं की नाही ते सांगता येत नाही, पण कॉफी संपेपर्यंत त्या बोलत होत्या.

डावरी मैदानाच्या मध्यावर गेली. चेंडू हळूच पुढे ढकलायचा असं तिला समजावून सांगितलं होतं. तिनं डाव्या पायानं असा काही हाणला की तो कडेच्या जाहिरातींच्या फलकावर जाऊन आदळला आणि पंचाला धावत जाऊन आणावा लागला. लोक हसले, थोड्या टाळ्याही झाल्या. ती लंगडत परत आली. मांडीचा स्नायू धरला होता.

मग खरा सामना सुरू झाला. आपल्या मुली चांगल्या खेळल्या. मध्यंतरापर्यंत एकास शून्यनं पुढे होत्या. उत्तरार्धात पाय जड झाले, दोन गोल झाले, हरल्या. दुसरा गोल गोलकीपरच्या हातांखालून गेला. ती पोर बराच वेळ जमिनीकडे बघत उभी राहिली. शेजारचा एक प्रेक्षक म्हणाला, "काय ही गोलकीपर!"

"खाली वाकायला अर्धा क्षण उशीर झाला तिला," सव्वीस म्हणाली. "तो चेंडू शेवटच्या टप्प्याला उसळलाच नाही. मैदान तिथे ओलं आहे, बघा."

प्रेक्षकानं पाहिलं. मैदान खरंच ओलं होतं.

तिघी बसनं परतल्या. डावरी पाय पसरून दोन जणांची जागा अडवून बसली. कप्तान तिला मांडीला काय लावायचं ते सांगत राहिली, आणि डावरी ते अजिबात ऐकत नव्हती. सव्वीस आपल्या थांब्यावर उतरली, दुकानात गेली. दुसऱ्या दिवशी द्यायच्या तीन काचा राहिल्या होत्या, त्या कापून तिनं कागदात गुंडाळून ठेवल्या.